जाळीवरचे निर्णय : व्हॉलीबॉलची पंचगिरी आज कुठे उभी आहे?

प्रश्न नेमका काय आहे?

व्हॉलीबॉलच्या सामन्यात वाद पेटतो तो बहुधा जाळीपाशी. चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, यावरही भांडणे होतात. पण तिथे निदान रेषा जागची हलत नाही, आणि पंचाला एकाच ठिकाणी पाहायचे असते. जाळीपाशी सगळेच हलत असते. स्मॅशर हवेत असतो, समोर दोन-तीन ब्लॉकर हवेत असतात, चेंडू कुणाच्या तरी बोटांना घासून जातो किंवा जात नाही, कुणाचा दंड जाळीला लागतो, कुणाचे पाऊल मध्यरेषेवर उतरते. एका सेकंदाच्या आत हे घडून जाते आणि दोन्ही बाजूंनी ‘नेट!’, ‘टच!’, ‘ओव्हर!’ अशी ओरड सुरू होते.

१९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघाने रॅली गुणपद्धत स्वीकारली तेव्हापासून या निर्णयांचे वजन वाढले. त्याआधी पहिल्या चार सेटमध्ये सर्व्हिस करणाऱ्या संघालाच गुण मिळत असे. चुकीच्या शिट्टीने कित्येकदा फक्त सर्व्हिस जायची. आता प्रत्येक शिट्टी म्हणजे एक गुण. २३-२३ वर दिलेली एक चुकीची ‘नेट’ सेट फिरवू शकते.

म्हणून गेल्या दोन-तीन दशकांत एकच प्रश्न वेगवेगळ्या दिशांनी विचारला गेला आहे : जाळीवरचे अवघड निर्णय अधिक अचूक कसे होतील? पंच घडवणारे, मानसशास्त्राचे अभ्यासक, कॅमेऱ्याचे तंत्रज्ञ आणि नियम लिहिणारे यांची उत्तरे वेगवेगळी आहेत. त्या उत्तरांमागचे तर्क आणि अजून न सुटलेले मुद्दे इथे क्रमाने मांडले आहेत.

नियम कसे बदलत गेले

विल्यम मॉर्गन यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतील होलिओक इथे हा खेळ सुरू केला, तेव्हा जाळी ही दोन संघांना वेगळे ठेवणारी भिंत होती. पुढे हल्ला आणि ब्लॉक दोन्ही जाळीच्या वर सरकले आणि पंचाचे काम अवघड झाले. १९६० च्या दशकाच्या मध्यात ब्लॉकरला हात जाळीपलीकडे नेण्याची मुभा मिळाली, आणि ‘पलीकडे हात गेला, पण कधी गेला?’ हा नवा प्रश्न पंचापुढे आला. १९७० च्या दशकात जाळीच्या दोन्ही कडांवरच्या उभ्या काठ्या, म्हणजे अँटेना, रूढ झाल्या. चेंडू जाळीच्या हद्दीतून गेला की बाहेरून, हे त्यामुळे डोळ्यांना दिसू लागले. त्याच दशकात ब्लॉकचा स्पर्श तीन स्पर्शांत न मोजण्याचा नियम आला. ‘टच’ झाला की नाही यावर त्यानंतर संघाला किती स्पर्श उरतात हेही ठरू लागले.

सर्वांत जास्त हेलकावे खाल्ले ते जाळीला लागण्याच्या नियमाने. २००९ पूर्वी चेंडू खेळण्याच्या कृतीत जाळीला लागणे हा दोष होता. २००९ पासून नियम सैल झाला : जाळीला लागणे हा आपोआप दोष नाही, खेळावर परिणाम झाला तरच दोष. चेंडू खेळताना जाळीची वरची पट्टी किंवा अँटेनाचा जाळीवरचा ८० सेंटिमीटरचा भाग लागला, जाळीचा आधार घेतला, किंवा प्रतिस्पर्ध्याला अडवले, तर तो परिणाम मानायचा. पुण्यात बालेवाडीला ज्युनिअर पुरुषांची जागतिक स्पर्धा झाली ती २००९ मध्येच, म्हणजे या सैल नियमाच्या पहिल्या वर्षी. तिथल्या प्रेक्षकांनी अंगाने जाळी हलूनही शिट्टी न वाजल्याचे प्रसंग पाहिले असतील, तर त्याचे कारण हे होते.

२०१५ पासून काटा पुन्हा उलट फिरला. आजचा नियम असा : दोन अँटेनांच्या मधल्या जाळीला, चेंडू खेळण्याच्या कृतीत, खेळाडूचा स्पर्श झाला तर दोष. या कृतीत उडी घेणे, चेंडू मारणे किंवा मारण्याचा प्रयत्न करणे आणि सुरक्षित खाली उतरणे हे सगळे येते. मात्र चेंडू जाळीवर आदळल्यामुळे जाळीच येऊन पलीकडच्या खेळाडूला लागली, तर दोष नाही.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. ‘परिणाम झाला का?’ असे नियम विचारतो तेव्हा पंचाला अर्थ लावावा लागतो. ‘स्पर्श झाला का?’ असे विचारतो तेव्हा पाहावे लागते. दोन्ही अवघडच आहेत, पण त्यांची अवघड जागा वेगळी आहे. पंचांचे प्रशिक्षण कसे असावे यावरच्या मतभेदांचे मूळ बऱ्याच अंशी इथे आहे.

कोणते निर्णय अवघड, आणि का?

जाळीवरचे अवघड निर्णय ढोबळमानाने पाच प्रकारचे असतात.

पहिला, ब्लॉक टच. चेंडू बोटांच्या टोकांना निसटता लागून बाहेर जातो. वेगाचा हिशेब केला की अडचण कळते. ताशी १०० किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जातो. डोळ्यांनी पाहून प्रतिसाद द्यायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात, आणि तेवढ्यात चेंडू साडेपाच मीटर पुढे गेलेला असतो. बोटाला लागलेला क्षण पंचाला पाहता येईलच असे नाही. मग तो चेंडूची बदललेली दिशा, फिरकीतला फरक, बोटांची हालचाल, कधी आवाज, यांवरून स्पर्श ओळखतो.

दुसरा, नेट टच. जाळी हलली, पण ती खेळाडूने हलवली की चेंडूने? चेंडू जोरात लागला की जाळी लांबपर्यंत हेलकावते. खेळाडूचा हात किंवा खांदा लागला की त्या जागी झटका दिसतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या तर त्या वेगळ्या काढणे कठीण जाते. लांब केसांचा प्रश्नही इथेच येतो. केस नुसते जाळीला लागले म्हणून दोष धरला जात नाही. ते अडकून खेळ थांबला किंवा प्रतिस्पर्ध्याच्या खेळावर परिणाम झाला तर गोष्ट वेगळी.

तिसरा, ओव्हर. ब्लॉकरने पलीकडच्या चेंडूला प्रतिस्पर्ध्याच्या हल्ल्याआधी किंवा हल्ल्यादरम्यान हात लावून त्यांच्या खेळात अडथळा आणला का? सेटरने जाळीच्या अगदी जवळ चेंडू उचलला की हा प्रश्न येतो. तो चेंडू आपल्याच स्मॅशरसाठी होता की पलीकडे निघाला होता, हे पंचाला त्या क्षणी ओळखावे लागते. स्पर्श दिसणे इथे पुरेसे नाही; चेंडू कुठे चालला होता याचा अंदाज लागतो.

चौथा, मध्यरेषा. पावलाचा काही भाग रेषेला टेकलेला असेल किंवा रेषेच्या बरोबर वर असेल तर दोष नाही. सगळे पाऊल पलीकडे टेकले तर दोष. रेषेची रुंदी ५ सेंटिमीटर. उडीवरून उतरणाऱ्या दोन्ही बाजूंच्या पायांत हे पाहायचे असते.

पाचवा, मागच्या रांगेतल्या खेळाडूचा हल्ला. त्याने उडी घेताना पाऊल तीन मीटरच्या रेषेवर किंवा पुढे होते का, आणि मारताना चेंडू पूर्णपणे जाळीच्या वर होता का, हे दोन वेगळ्या क्षणांचे प्रश्न आहेत. पंचाला पहिल्याचे उत्तर लक्षात ठेवून दुसरे पाहावे लागते.

या पाचांत काही निर्णय निव्वळ पाहण्याचे आहेत, काही पाहून अर्थ लावण्याचे. सुधारणेचा कोणताही एक उपाय या सगळ्यांना सारखाच लागू पडत नाही.

दोन पंच, एक जाळी

ही अडचण ओळखूनच नियमांनी काम वाटून दिले आहे. प्रथम पंच जाळीच्या एका टोकाला उंच स्टँडवर असतो. त्याची नजर जाळीच्या वरच्या कडेपेक्षा सुमारे ५० सेंटिमीटर उंच असावी लागते. त्याला जाळीच्या वरची जागा तिच्या रेषेत दिसते, म्हणून ओव्हरचा निर्णय, मागच्या रांगेचा हल्ला आणि मुख्यतः हल्ला करणाऱ्या बाजूचा नेट टच त्याच्याकडे. द्वितीय पंच समोरच्या खांबाजवळ जमिनीवर असतो. पुरुषांची जाळी २.४३ मीटर आणि महिलांची २.२४ मीटर उंच असल्याने जाळीच्या वर काय घडते हे त्याला खालून पाहावे लागते. पण ब्लॉकच्या बाजूचा नेट टच आणि मध्यरेषा त्याला चांगली दिसते. ते निर्णय मुख्यतः त्याचे. मागच्या रांगेतल्या खेळाडूच्या ब्लॉककडे दोघेही पाहतात. झेंडे घेतलेले रेषा पंच चेंडू आत-बाहेर यासोबत टच आणि अँटेनाचेही इशारे देतात, कारण बोटाला घासून मागे गेलेला चेंडू त्यांच्याच दिशेने येतो.

द्वितीय पंचाचे एका स्मॅशपुरते काम जवळून पाहिले की या विभागणीचा अर्थ कळतो. सर्व्हिसच्या वेळी तो सर्व्हिस घेणाऱ्या संघाच्या बाजूला उभा राहून त्यांची रोटेशन तपासतो. चेंडू सेटरकडे गेला की तो खांबाच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे ब्लॉक करणाऱ्या संघाकडे सरकतो आणि जाळी पूर्ण दिसावी म्हणून खांबापासून थोडा मागे राहतो. स्मॅशर उडतो त्या क्षणी त्याची नजर चेंडूवरून सुटून ब्लॉकरचे हात आणि जाळी यांवर जाते. चेंडू त्याच्यापुरता संपलेला असतो. तो कुठे पडला हे दुसरे कुणी पाहील. ब्लॉकर खाली येतात तशी त्याची नजर त्यांच्यासोबत जाळीवरून खाली, पायांपर्यंत उतरते. सगळ्यांचे पाय टेकून ते जाळीपासून दूर झाले की मगच तो चेंडूकडे पाहतो. नवख्या पंचाला हे जमत नाही, कारण चेंडू माणसाची नजर ओढून नेतो. अनेक नेट टच खेळाडू खाली उतरताना होतात आणि नेमके तेव्हा नवख्याचे डोळे मैदानाच्या मागच्या भागात असतात.

आपल्या अखत्यारीत नसलेला दोष द्वितीय पंचाला दिसला तर तो शिट्टी न वाजवता इशारा करू शकतो, पण त्याचा आग्रह धरू शकत नाही. अंतिम अधिकार प्रथम पंचाचा. म्हणून दोघांमधली नजरभेट हाही पंचगिरीचा भाग मानला जातो; सामन्यापूर्वी कोणता इशारा कसा करायचा हे ठरवून घेतात, आणि मोठ्या स्पर्धांत कानाला लावायची संवादयंत्रेही वापरतात.

नजर आणि मेंदू : अभ्यास काय सांगतो

पंचांच्या चुकांवरचे बरेचसे संशोधन फुटबॉलवर झाले आहे. व्हॉलीबॉलला ते जसेच्या तसे लागू होत नाही, पण त्यातले काही निष्कर्ष जाळीच्या प्रश्नाला थेट भिडतात.

२००० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात रौल औडेयान्स आणि सहकाऱ्यांनी ऑफसाइडच्या चुकांवरचा अभ्यास मांडला. सहायक पंच नेमक्या रेषेत न राहता थोडा पुढे उभा असेल, तर कोनामुळे ठरावीक दिशेच्या चुका होतात, असे त्यांनी दाखवले. पंचाचा हेतू किंवा त्याच्या डोळ्यांची तीक्ष्णता यांचा तिथे प्रश्न नव्हता. जाळीच्या रेषेतून थोडे डावीकडे किंवा उजवीकडे झुकून ओव्हर पाहणाऱ्या प्रथम पंचालाही हीच भूमिती लागू पडते.

२००२ मध्ये ॲलन नेव्हिल आणि सहकाऱ्यांनी पात्र पंचांना फुटबॉलमधले प्रसंग व्हिडिओवर दाखवले. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाजाविना. आवाज ऐकणाऱ्यांनी घरच्या संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. निसटत्या टचच्या वेळी संपूर्ण स्टँड एका सुरात ओरडतो, तेव्हा पंचाच्या मनात काय होत असेल याची कल्पना यावरून येते.

हेनिंग प्लेसनर आणि टिल्मन बेट्श यांनी २००१ मध्ये फुटबॉलमधल्या पेनल्टीच्या निर्णयांचा अभ्यास केला. एका संघाला आधी पेनल्टी दिली असेल तर त्याच संघाला पुढची देण्याकडे पंचांचा कल कमी होतो, असे त्यांना आढळले. आपल्या मैदानांवर ‘मघाशी यांना दिली, आता त्यांना देईल’ असे बोलले जाते. त्या बोलण्यामागे मनाची खरी प्रवृत्ती असू शकते, हे या अभ्यासाने दाखवले.

चुकांबरोबर सुधारणेचाही अभ्यास झाला आहे. जेफ्री श्वायत्झर, प्लेसनर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये फुटबॉल पंचांसाठी व्हिडिओवर आधारलेली सराव-पद्धत तपासली. पंचाने छोटा प्रसंग पाहायचा, लगेच निर्णय द्यायचा आणि तो बरोबर की चूक हे त्याला लगेच सांगायचे. एवढ्या तात्काळ अभिप्रायानेही अचूकता वाढली. अनुभवी पंचांची नजर संपर्काच्या जागेवर जास्त वेळ टिकते, असेही फुटबॉलमधल्या नजरेच्या नोंदींतून दिसले आहे.

चार मतप्रवाह

या पार्श्वभूमीवर आजच्या चर्चेत चार भूमिका दिसतात. त्या एकमेकींच्या विरोधी नाहीत, पण प्रत्येकीचा भर वेगळा आहे.

पहिली भूमिका तंत्राची. जुने प्रशिक्षक ती आग्रहाने मांडतात. त्यांच्या मते बहुतेक चुका चुकीच्या जागी उभे राहण्याने किंवा चुकीच्या क्षणी चुकीच्या जागी पाहण्याने होतात. म्हणून पायांची हालचाल, नजरेचा क्रम आणि दोन पंचांतला समन्वय हे अंगवळणी पडेपर्यंत घोटून घ्यावेत. याला खर्च लागत नाही आणि ते कोणत्याही मैदानावर करता येते. मर्यादा अशी की पंचाची नजर बरोबर जागी होती का, हे बाहेरून सहज कळत नाही. तो स्वतः सांगेल तेवढेच.

दुसरी भूमिका सरावाची. वर्षभरात मोजके सामने करून पंचाच्या वाट्याला निसटत्या टचचे किंवा ओव्हरचे किती प्रसंग येणार? त्यापेक्षा असे अनेक प्रसंग एकत्र करून व्हिडिओवर दाखवावेत, निर्णय मागावा आणि लगेच उत्तर सांगावे. आंतरराष्ट्रीय महासंघ नियमांसोबत प्रसंगांची उदाहरणे देणारे केसबुक प्रसिद्ध करतो. हा सराव म्हणजे त्याच कल्पनेचे चालते-बोलते रूप. यावर आक्षेप दोन : पडद्यावर पाहिलेल्या प्रसंगात खरी खोली आणि खरा कोन नसतो, आणि खुर्चीत बसून दिलेल्या निर्णयावर स्टँडवरचा दबाव नसतो.

तिसरी भूमिका कॅमेऱ्याची. ऑलिंपिकमध्ये चॅलेंज पद्धत पहिल्यांदा २०१६ मध्ये रिओत वापरली गेली. चेंडू आत की बाहेर, ब्लॉक टच, नेट टच, अँटेना, मध्यरेषा आणि इतर रेषांवरचे पाय यांसाठी संघाला ठरावीक संख्येत दाद मागता येते, आणि पंच स्वतःही पडताळणी मागू शकतो. मोठ्या स्पर्धांत त्यासाठी स्वतंत्र चॅलेंज रेफ्री असतो. समर्थकांचे म्हणणे असे की, माणसाला दिसू न शकणाऱ्या गोष्टीसाठी माणसाला दोष देत राहण्यापेक्षा ती गोष्ट यंत्राला दाखवू द्यावी. दाद मागण्याची सोय असल्याने खेळाडू शांत राहतात आणि पंचावरचा दबावही कमी होतो. शंका घेणारे तीन मुद्दे मांडतात. खेळ वारंवार थांबतो. कॅमेऱ्यालाही मर्यादा आहेत : सेकंदाला २५ चौकटी टिपणाऱ्या कॅमेऱ्यात ताशी १०० किलोमीटर वेगाचा चेंडू दोन चौकटींमध्ये १.१ मीटरच्या आसपास पुढे जातो, त्यामुळे स्पर्शाचा क्षण नेमका मधे हरवू शकतो, म्हणून वेगवान कॅमेरे लागतात आणि ते महाग असतात. तिसरा मुद्दा सवयीचा : पडताळणी होणारच आहे असे माहीत असले की पंच शिट्टी जपून वाजवू लागतो.

याच संदर्भात ग्रीन कार्डचा प्रयोग नोंदवण्यासारखा आहे. व्हॉलीबॉल नेशन्स लीगमध्ये २०२३ पासून, टच झाला हे पडताळणीआधी स्वतःहून मान्य करणाऱ्या खेळाडूला पंच ग्रीन कार्ड दाखवून दाद देतो. खरे उत्तर ज्याच्या बोटांना सर्वांत आधी कळते त्यालाच निर्णयात सामील करून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

चौथी भूमिका नियमांची. निर्णय अवघड असेल तर नियमच सोपा करावा, असे ती सांगते. नेट टचचा २०१५ चा बदल त्याच दिशेचा होता : परिणामाचा प्रश्न काढून स्पर्शाचा ठेवला. जाळीबाहेरचे उदाहरण अमेरिकेतले आहे. तिथल्या महाविद्यालयीन महिला व्हॉलीबॉलमध्ये २०२४ पासून, चेंडू आपल्याच संघाकडे राहणार असेल तर दुसऱ्या स्पर्शातला ‘डबल’, म्हणजे एकाच खेळाडूला चेंडू लागोपाठ दोनदा लागण्याचा, दोष धरला जात नाही. पंचापंचांत ज्यावर मतभेद व्हायचे, तो निर्णयच खेळातून बाहेर गेला. याला विरोध करणारे म्हणतात की नियम सोपा झाला की कसब घटते. सेटरच्या स्वच्छ हाताला किंमत राहत नाही.

आपल्याकडची मैदाने

महाराष्ट्रात या सगळ्या चर्चेला एक वेगळी बाजू आहे. प्राइम व्हॉलीबॉल लीगसारख्या दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धांत पडताळणीची सोय असते. पण शाळा, महाविद्यालये, जिल्हा आणि गावोगावच्या स्पर्धा यांत कॅमेरा नसतो. ग्रामीण भागात शूटिंग व्हॉलीबॉलची स्वतंत्र परंपरा आहे. तिचे नियम वेगळे असल्याने एकाच गावातला पंच आणि प्रेक्षक दोन प्रकारच्या जाळीच्या सवयी घेऊन मैदानावर येतात. उघड्यावरच्या मैदानात ऊन, वारा आणि संध्याकाळचा अपुरा उजेड असतो. दिवसभरात एकामागून एक सामने करणारे पंच थकतात.

इथे साहित्याचा प्रश्नही निर्णयाचाच भाग होतो. जाळीची उंची मध्यभागी नियमाप्रमाणे हवी आणि दोन्ही कडांना सारखी हवी. कडांना फार तर दोन सेंटिमीटर जास्त चालते. जाळी सैल असली की ती मधे लोंबते, चेंडूच्या प्रत्येक धक्क्याने मोठी हेलकावते, आणि खेळाडूचा हलका स्पर्श त्यात लपून जातो. नेट टचचे अनेक वाद ताण देऊन बांधलेल्या जाळीवर उद्भवतच नाहीत. सामन्याआधी दांडीने उंची मोजणे आणि दोऱ्या ओढून ताण पाहणे हे प्रथम पंचाचे काम. त्यावर घालवलेला वेळ पुढच्या निर्णयांत भरून निघतो. तीच गोष्ट अँटेनाची. ती नसेल तर चेंडू हद्दीतून गेला की बाहेरून, हा साधा प्रश्नही अंदाजावर सोडावा लागतो.

सरावाच्या बाबतीत मात्र परिस्थिती बदलली आहे. आज अनेकांच्या मोबाइलमध्ये सेकंदाला २४० चौकटी टिपणारा स्लो मोशन कॅमेरा असतो. त्या वेगाने टिपले तर ताशी १०० किलोमीटर वेगाचा चेंडू दोन चौकटींमध्ये १२ सेंटिमीटरच्या आसपास सरकतो. असा मोबाइल खांबाजवळ जाळीच्या उंचीवर बसवला, तर बोटांना लागलेला चेंडू आणि जाळीचा झटका बऱ्याचदा स्पष्ट दिसतो. सामन्यात या चित्रणाला अधिकार नसला तरी चालेल. संध्याकाळी पंचांनी एकत्र बसून आपले दिवसभरातले निर्णय पडद्यावर तपासले, तरी त्यांना आजवर न मिळालेली गोष्ट मिळते : आपण बरोबर होतो की चूक, याचे उत्तर. बहुतेक पंचांची आयुष्यभराची पंचगिरी या उत्तराशिवाय होते. प्रेक्षक ओरडतात, कर्णधार विचारतो, सामना संपतो, पण त्या ब्लॉकरच्या बोटाला चेंडू खरोखर लागला होता का, हे पंचाला कधीच कळत नाही.

न सुटलेले मुद्दे

पहिला मुद्दा : फुटबॉलवरचे निष्कर्ष व्हॉलीबॉलला कितपत लागू होतात? फुटबॉलचा पंच धावतो, व्हॉलीबॉलचा जवळजवळ एका जागी असतो. फुटबॉलमध्ये हेतू आणि तीव्रता मोजायची असते, जाळीवर बहुधा स्पर्श. दबावाचा परिणाम दोन्हीकडे सारखा असेल असे गृहीत धरता येत नाही.

दुसरा मुद्दा स्लो मोशनचा. २०१६ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात, संथ गतीने दाखवलेली कृती पाहणाऱ्यांना जास्त हेतुपुरस्सर वाटते, असे दिसून आले. ब्लॉक टचला हेतूशी देणेघेणे नाही, म्हणून तिथे संथ चित्रण निर्धोक आहे. पण सेटरच्या हातात चेंडू जास्त वेळ राहिला का, किंवा दोन हातांना वेगवेगळ्या क्षणी लागला का, हे संथ चित्रणात पाहिले तर जवळजवळ प्रत्येक सेट दोषी वाटू शकतो. सरावासाठी कोणता प्रसंग कोणत्या गतीने दाखवावा, यावर अजून एकमत नाही.

तिसरा मुद्दा : व्हिडिओवरची सुधारणा मैदानावर उतरते का, आणि किती काळ टिकते? प्रयोगशाळेतली वाढलेली अचूकता मोजता येते. हंगामाच्या शेवटी, अंतिम सामन्याच्या पाचव्या सेटमध्ये ती तशीच राहिली का, हे मोजणे फार अवघड आहे.

चौथा मुद्दा : चॅलेंजची सोय असलेल्या पातळीवर तयार होणारे पंच आणि ती नसलेल्या पातळीवर काम करणारे पंच यांच्यातले अंतर वाढत जाईल का? एका बाजूला चूक दुरुस्त करण्याची खात्री, दुसऱ्या बाजूला पहिल्याच नजरेत निकाल देण्याची सक्ती. दोघांचे कौशल्य आता पूर्वीइतके सारखे राहिलेले नाही. खेळाडू मात्र एका पातळीवरून दुसरीकडे जात राहतात आणि दोन्हीकडे सारख्याच निर्णयाची अपेक्षा ठेवतात.

पाचवा मुद्दा ओव्हरसारख्या अर्थ लावण्याच्या निर्णयांचा. कॅमेरा स्पर्श दाखवतो, पण चेंडू पुढे कुठे जाणार होता आणि प्रतिस्पर्ध्याला तो खेळण्याची संधी होती का, हे तो ठरवू शकत नाही. हे निर्णय माणसाकडेच राहतील. त्यांच्यासाठी कोणता सराव उपयोगी, हा या सगळ्या प्रश्नांतला सर्वांत कमी तपासलेला भाग आहे.

ताळेबंद

सगळे लक्षात घेऊन पाहिले तर काही गोष्टींवर आज बऱ्यापैकी सहमती दिसते. चांगल्या निर्णयासाठी तीक्ष्ण डोळ्यांपेक्षा योग्य जागा आणि योग्य क्षण महत्त्वाचे आहेत. दोन पंचांतली कामाची वाटणी पाळली तर दोघांच्याही चुका घटतात. तात्काळ अभिप्रायाने निर्णय सुधारतात. कॅमेरा स्पर्शाच्या प्रश्नांना उत्तम उत्तर देतो आणि अर्थाच्या प्रश्नांना जवळजवळ देत नाही. आणि नियमाचे शब्द बदलले की अडचण बहुधा नाहीशी न होता दुसरीकडे सरकते.

मतभेद उरतात ते प्राधान्याचे. पैसे आणि वेळ मर्यादित असताना आधी काय करायचे? जागतिक स्पर्धांसाठी उत्तर कॅमेऱ्याकडे झुकले आहे. राज्य आणि जिल्हा पातळीवर मात्र खर्चाचा हिशेब वेगळा निघतो : ताणून बांधलेली जाळी, दोन्ही अँटेना, सामन्यापूर्वी दोन्ही पंचांचे पाच मिनिटांचे बोलणे, आणि सामन्यानंतर मोबाइलवर पाहिलेले दहा प्रसंग. यातले काहीही महाग नाही. आपल्याकडच्या पंच परीक्षांमध्ये नियमांच्या पाठांतराबरोबर चित्रित प्रसंगांवरचे निर्णयही तपासले गेले, तर निर्णय सुधारणे हे नशिबाचे किंवा वयाचे काम न राहता शिकता आणि शिकवता येणारे काम होईल. जाळीवर जिवाच्या आकांताने उड्या मारणाऱ्या खेळाडूंचा तेवढा हक्क आहे, आणि ज्या पंचाला वर्षानुवर्षे स्वतःच्या निर्णयाचे उत्तर कळलेले नाही त्याचाही.